चावी पायपुसण्याखालीच ठेवा

ऑफिसात नेक्सस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार भाग साठवणारा सर्व्हर, बसवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. यापुढे सगळ्या टीमच्या जार फाइली (जावा प्रोग्रामचे बांधलेले गठ्ठे) तुमच्याच कोठारातून जाणार. तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवून टाका: कुणाची अडवणूक करायची नाही.

सुरुवात पासवर्डपासून. जुन्या नेक्ससमध्ये तो आयता मिळायचा, 'ॲडमिन१२३'. नव्या आवृत्त्या काहीतरी अगम्य पासवर्ड बनवून एका फाइलीत ठेवतात आणि पहिल्या लॉगिनला बदलायला सांगतात. बदला की. 'ॲडमिन१२३' करा आणि ग्रुपवर पिन करून टाका. शहाणे सांगतील, प्रत्येकाला वेगळं खातं द्या, डेव्हलपरला फक्त वाचायची परवानगी ठेवा, अपलोड बिल्ड सर्व्हरनेच (कोडमधून जार बनवणाऱ्या मशीननेच) करावं. छान. पण ऐन गणपतीत तुमचा ॲडमिन कोकणात गेला, वाडीत रेंज नाही आणि इकडे ऐरोलीत रिलीज अडलं, मग? त्यापेक्षा सगळेच ॲडमिन. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेलेल्यालाही तोच पासवर्ड चालेल. माणुसकी म्हणून काही असतं.

रिलीज रिपॉझिटरीत, म्हणजे पक्क्या आवृत्त्यांच्या कप्प्यात, त्याच आवृत्तीच्या नंबरावर पुन्हा डिप्लॉय करायला (जार चढवायला) मुळात बंदी असते. ती उठवा. १.४.२ मध्ये बग निघाला म्हणून १.४.३ कशाला? तिथेच नवी जार चढवा. मेवन, म्हणजे लागणाऱ्या जार आणून बिल्ड करणारं साधन, एकदा उतरवलेलं रिलीज पुन्हा आणायला जात नाही, त्यामुळे निम्म्या लॅपटॉपांवर जुनीच जार राहते. अंधेरीत १.४.२ चालतं, ऐरोलीत पडतं आणि दोघंही खरं बोलत असतात. दादरला नव्हते का एक नंबरचे दोन फलाट, एक पश्चिमेचा, एक मध्यचा? २०२३च्या डिसेंबरात मध्यच्या फलाटांना आठपासून पुढचे नंबर देऊन रेल्वेने ती मजा घालवली. निदान तुम्ही तरी जपा.

कंपॅटिबिलिटीवर, म्हणजे कुठली आवृत्ती कशाशी जुळते यावर, फार वेळ घालवू नका. मेवन सेंट्रलने (जार फाइलींच्या जाहीर कोठाराने) १५ जानेवारी २०२० पासून साधं, असुरक्षित एचटीटीपी बंद केलं; मेवन ३.८.१ तर बाहेरची एचटीटीपी रिपॉझिटरी स्वतःच अडवतं. उपाय सोपा: जुनं ३.६ सोडूच नका. बिल्ड मात्र जावा १७ वर करा, सर्व्हर जावा ८ वर असला तरी. मध्यरात्री 'फाइल ६१.०, मला ५२.० पर्यंतच कळतं' अशी तक्रार आली (६१.० म्हणजे जावा १७, ५२.० म्हणजे जावा ८), तर सर्व्हर रीस्टार्ट करून बघा. फरक पडत नाही, पण काहीतरी केल्यासारखं वाटतं.

आणि एके दिवशी अख्खी रिलीज रिपॉझिटरी कुणीतरी उडवेल. घाबरू नका, ऑडिट लॉग आहे, म्हणजे कुणी काय केलं याची नोंद. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत जसं ओळीने 'कुरिअर, कुरिअर, कुरिअर' लिहिलेलं असतं, तसा तो उघडा. कुणी उडवली? ॲडमिनने. त्याआधी कुणी आलं होतं? ॲडमिन. साहेबांनी विचारलं तर बेधडक नाव सांगा, आणि तो कोकणात गेलाय म्हणा.