हुद्दा हवाय? कॉन्स्टँटिनोपल गाठा

काम न करता मान हवा असेल, तर नवव्या-दहाव्या शतकातल्या बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन) साम्राज्याच्या दरबारासारखी जागा नाही. तो भरायचा राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये. तिथे ‘प्रोटोस्पाथारिओस’ व्हा. पदवी तलवारधाऱ्यांच्या प्रमुखाची असली तरी घाबरू नका, तलवार उचलावी लागेलच असं नाही. गळ्यात रत्नजडित सोन्याचा पट्टा घालायचा आणि आपल्या जागी बसायचं.

जागा मात्र पाठ करून या. मेजवानीत कोण कोणाच्या वर बसणार, याची यादी फिलोथिओस या अधिकाऱ्याने ८९९ मध्ये करून ठेवली आहे. पायऱ्या १८. खोजांची, म्हणजे खच्ची केलेल्या दरबाऱ्यांची, शिडी वेगळी, ८ पायऱ्यांची, आणि त्याच हुद्द्याचा खोजा दाढीवाल्याच्या वर बसतो. फारच घाई असेल तर तोही रस्ता उघडा आहे. मी सुचवत नाही, नुसतं सांगून ठेवतो.

पात्रतेची चिंता सोडा. क्टेनास नावाचा एक धनिक पाद्री होता, गाण्यात पटाईत. त्याला हीच पदवी हवी होती. दर साधारण १२ ते १८ रत्तल सोनं. हा ४० द्यायला तयार. सम्राट सहावा लिओ म्हणाला, पाद्र्याला ही पदवी दिली तर माझी नाचक्की होईल. क्टेनासने वर कानातल्यांचा जोड ठेवला, किंमत १० रत्तल. मग प्राण्यांची नक्षी असलेलं चांदीचं मेज, आणखी १० रत्तल. एकूण ६० झाले आणि नाचक्की टळली!

आता परतावा पाहा. पदवीचा तनखा वर्षाला १ रत्तल. म्हणजे पैसे वसूल व्हायला फक्त ६० वर्षं जगायचं. क्टेनास दोन वर्षांत गेला. लिओचा मुलगा सातवा कॉन्स्टंटाईन याने हा हिशेब राज्यकारभाराच्या ग्रंथात आवर्जून नोंदवून घेतला आहे.

एवढी गुंतवणूक झेपत नसेल, तर ९५० सालच्या लिउटप्रांडचा कित्ता गिरवा. इटलीहून आलेला हा राजदूत ईस्टरच्या सुमारास तनखावाटप बघायला उभा होता. वरच्या हुद्द्याच्या मॅजिस्टरांना २४ रत्तल, त्यांच्या खालच्या पॅट्रिशियनांना १२. सेनापती आणि आरमारप्रमुख तर थैल्या खांद्यावर पेलेनात म्हणून ओढत नेत होते. त्याच कॉन्स्टंटाईनने विचारलं, कसं वाटलं? हा म्हणाला, माझ्याही पदरात काही पडलं असतं तर छान वाटलं असतं. सम्राट हसला आणि त्याला एक मोठा झगा देववला. सोबत सोन्याची नाणी, बरोबर १ रत्तल.