अडीच तास वॉशरूममध्ये

गेल्या मंगळवारी सकाळी १० वाजून १० मिनिटांपासून १२ वाजून ४० मिनिटांपर्यंत मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये होतो. हे मला बुधवारी मेल आल्यावर कळलं. अर्ध्या दिवसाची रजा कापली होती आणि खाली ‘तब्येतीची काळजी घ्या’ असंही लिहिलं होतं. रजेपेक्षा ती ओळ जास्त लागली.

आमच्या बाणेरच्या ऑफिसात हजेरीचं नवं अ‍ॅप आलंय. वाय-फायच्या सिग्नलवरून फोन मजल्यावर कुठे आहे ते ओळखायचं आणि फोन तिथे माणूस असं धरून चालायचं. मी टेबलाशीच बसलो होतो. टेबल पॅसेजच्या अलीकडे, वॉशरूम पलीकडे.

मेल पाठवणाऱ्या मॅडमकडे गेलो. “मॅडम, मी जागेवरच होतो.”

“हो सर, पण सिस्टिममध्ये तसं नाहीये ना.”

“सिस्टिम चुकलीय.”

“तीन मजल्यांवर एकच सिस्टिम आहे सर. बाकी कुणीच तक्रार केली नाही.”

“बाकी कुणाचं टेबल वॉशरूमसमोर नाही!”

तेवढ्यात चहावाले मामा ट्रे घेऊन आले. साक्षीदार चालून आला म्हणून मी हरखलो. मामा म्हणाले, “ह्यांना मी साडेदहाला अन् साडेअकराला च्या दिला की.”

“कुठे दिलात?” मॅडमनी विचारलं.

“कुठं म्हंजे? टेबलावर.”

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, मग मामांकडे. “नीट आठवून सांगा. साडेअकराला सर आत दिसतायत. तुम्ही चहा आत नेऊन दिलात का?”

मामांनी ट्रे खाली ठेवला. “मॅडम, माळकरी माणूस आहे मी. असल्या जागी च्या न्हाई नेत.”

मॅडम टाइप करू लागल्या. मी वाकून वाचलं: ‘चहावाल्याचे म्हणणे सिस्टिमशी जुळत नाही.’ मग त्यांना शंका आली. “मामा, तुमच्याही फोनवर अ‍ॅप आहे ना? बघू, तुम्ही साडेअकराला कुठे होतात.” दोनदा टिचक्या मारल्या. “तुम्ही सर्व्हर रूममध्ये होतात! तिथे चहा न्यायला बंदी आहे, माहितीय ना?”

मामांचा फोन पँट्रीत चार्जिंगला होता आणि पँट्रीची भिंत सर्व्हर रूमला लागून आहे. पण हे सांगण्याऐवजी मामा माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, “सायेब, तुम्ही कबूल करून टाका ना. आत होता म्हणावं. पोट बिघडतं माणसाचं.”

नेटवर्क हाच माझा धंदा आहे, त्यामुळे अपमान दुप्पट. वॉशरूमच का, ते सांगतो.

छताखाली जीपीएसचा भरवसा नसतो. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, तिथून येणारा सिग्नल स्लॅबपाशीच मान टाकतो. म्हणून वाय-फाय. फोन प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटचा, म्हणजे छतावरच्या वाय-फायच्या डब्याचा, जोर मोजतो. डीबी आणि डीबीएम ही त्या जोराची मापं. उणे ४० डीबीएम म्हणजे डोक्यावरच, उणे ८५ म्हणजे लांब कुठेतरी. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने उतरतो, त्यावरून अंतर काढायचं. पण ऑफिस म्हणजे मैदान नव्हे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. भिंतींवरून, लोखंडी कपाटांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि फोन चार बोटं सरकवला तरी १० डीबीचा फरक पडू शकतो. फोन मागच्या खिशात ठेवून बसलात तर शरीरातलं पाणी आणखी काही डीबी पिऊन टाकतं आणि अ‍ॅपला वाटतं, माणूस लांब गेला. इथे ६ डीबीची चूक झाली की ४ मीटरचे ८ मीटर होतात.

हेही एकवेळ खपलं असतं. आमच्याकडे खरी गोम वेगळी आहे. केबल ओढायला सोपं म्हणून तिन्ही अ‍ॅक्सेस पॉइंट पॅसेजच्या छतावर एका ओळीत लावलेत. लक्ष्मी रस्ता डोळ्यांसमोर आणा. अलका चौक, कुंटे चौक आणि सोन्या मारुती चौक, तिन्ही त्याच रस्त्यावर. मी या तिघांपासून किती लांब आहे ते अगदी मीटरमध्ये सांगितलं, तरी मी दक्षिणेला सदाशिव पेठेत आहे की उत्तरेला नारायण पेठेत, हे तुम्हाला सांगता येणार नाही. दोन्ही पेठांत तशी एकेक जागा निघते, रस्त्याच्या आरशात बघितल्यासारखी. माझं टेबल सदाशिवात आणि वॉशरूम नारायणात, एवढाच माझा गुन्हा. यातला एक अ‍ॅक्सेस पॉइंट ओळ सोडून माझ्या बाजूच्या कोपऱ्यात लावला असता, तर मेल आली नसती. खर्च, पंधरा-वीस मीटर केबलचा.

दुसरी रीत आहे ठशांची, आणि ती पुणेकराला शिकवायला नको. आपण अंतर सांगतच नाही. पत्र्या मारुतीवरून पुढे या, गिरणीचा आवाज आला की उजवीकडे वळा, हा झाला जागेचा ठसा. वाय-फायमध्येही तसंच. दर दीड-दोन मीटरवर उभं राहून कोणता सिग्नल किती येतो ते नोंदवून ठेवायचं आणि नंतर फोनची मोजणी त्या वहीशी ताडून बघायची. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी हे २००० साली करून दाखवलं होतं. चूक साधारण २ ते ३ मीटर आली. आमचा पॅसेज केवढा? अडीच मीटर.

शिवाय ते काम पायपिटीचं. प्रत्येक ठिकाणी चारही दिशांना तोंड करून, वीस-तीस मोजण्या घेऊन, माणसं बसलेली असताना. कपाट हललं किंवा अ‍ॅक्सेस पॉइंटने आपला जोर आपोआप कमी-जास्त केला की पुन्हा. आमच्याकडे ‘कुणाची गैरसोय नको’ म्हणून पुरवठादाराचा मुलगा रविवारी आला, रिकाम्या मजल्यावर पॅसेजमधून एक चक्कर मारली आणि गेला. माझ्या टेबलाकडे तो फिरकलाही नाही. वॉशरूममध्ये मात्र गेला असणार.

आता म्हणतायत की नवीन उपकरणं घेऊ. सिग्नलचा जोर मोजण्याऐवजी जायला-यायला लागणारा वेळ मोजणारी. पद्धत चांगली आहे. अँड्रॉइड ९ पासून सोय आहे, फोन आणि अ‍ॅक्सेस पॉइंट दोघांनाही ती यायला हवी, चूक मीटर-दोन मीटरवर येते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, म्हणजे किती बारीक घड्याळ लागेल बघा. पण तीही एका ओळीतच लावणार असाल, तर मी अधिक अचूकपणे वॉशरूममध्ये दिसेन.

आणि ते अडीच तास! मी नोंदी मागवल्या. एकूण ओळी सहा. १०:१०, १०:४०, ११:१०, ११:४०, १२:१०, १२:४०. बॅटरी वाचावी म्हणून अँड्रॉइड स्क्रीनवर उघडं नसलेल्या अ‍ॅपला अर्ध्या तासात एकदाच वाय-फाय धुंडाळू देतं. मधल्या वेळात मी कुठे होतो हे कुणीच पाहिलेलं नाही. सहा ठिपके घेतले आणि रेघ ओढली. आयफोनवाले सुटले, कारण तिथे साध्या अ‍ॅपला भोवतालच्या सिग्नलची यादीच मिळत नाही. त्यांच्या नावापुढे फक्त ‘ऑफिसात’. म्हणजे माणूस दिवसभर कुठे होता हे त्याने किती हजारांचा फोन घेतलाय त्यावरून ठरणार. ठिपक्याभोवती चार मीटरचं वर्तुळ काढा, एवढंच मी लेखी मागितलं. उत्तर आलं, वर्तुळ काढलं की नकाशा घाण दिसतो.

रजा अजून परत मिळालेली नाही. पण तक्रारीची दखल घेतली गेली. पुरवठादाराने नकाशावरून वॉशरूमच काढून टाकलं. आता तिथे गेलेला प्रत्येक माणूस अ‍ॅपला जवळच्या जागी बसवावा लागतो, आणि सगळ्यात जवळची जागा माझं टेबल. काल मॅडमची मेल आली. तुमच्या टेबलाशी दिवसभरात चाळीस जण येऊन गेले, प्रत्येकी चार-पाच मिनिटं, कारण कळवावे.

मामांच्याही कानावर गेलंय. आज ट्रे घेऊन आले आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, “सायेब, किती च्या ठेवू?”