शून्य, शून्य, एक

माझ्या सनकर्नला काल एका चौथीतल्या मुलाने 'बिनकामाचा' ठरवलं. तेव्हापासून मी नीट जेवलो, रात्री झोपही लागली, पण मधेच ते आठवतं आणि दातओठ खावेसे वाटतात.

सनकर्न म्हणजे सूर्यफुलाचं बी. पिवळं, अंगावर तपकिरी पट्टे, दोन डोळे आणि डोक्यावर दोन पानं. पोकेमॉनच्या, म्हणजे गेममधल्या काल्पनिक जिवांच्या, यादीत क्रमांक १९१, उंची ०.३ मीटर, वजन १.८ किलो. संपला ऐवज. फोनवरच्या पोकेमॉन गोमध्ये एक पोकेमॉन 'बडी' म्हणून सोबत चालवता येतो. लोक तिथे ड्रॅगन ठेवतात. मी सनकर्न ठेवलाय. त्याचं नाव बाळू. ठेवलं नाव, कुणाच्या पोटात का दुखावं?

बागेत बाकावर बसलो होतो. शेजारी एक आजोबा, आणि आजोबांचा नातू. नातवाच्या हातात आईचा फोन. तो माझ्या फोनमध्ये इतका वाकून बघत होता की मला माझाच स्क्रीन दिसेना.

"काका, तुम्ही पण?"

त्या 'पण'मध्ये जे होतं ते मला आवडलं नाही, पण मी हसून हो म्हटलं.

"लेव्हल किती?"

सांगितली. त्याने मान हलवली. 'वयाच्या मानाने ठीक' अशी.

"आणि बडी म्हणून हा? सनकर्न?" त्याने आणखी वाकून बघितलं. "बाळू? हे नाव तुम्ही ठेवलंत?"

"हो."

"मुद्दाम?"

आता याला काय उत्तर देणार? आजवर इतक्या मुलाखती दिल्या, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, आवडतो मला. मुलाने पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात ना, तो आवाज.

"काका, तुम्ही त्याचं अप्रेझल बघितलंय का?"

आता अप्रेझलबद्दल सांगायला हवं. या गेममध्ये पकडलेल्या प्रत्येक जिवाची तपासणी होते. आपल्या टीमचा म्होरक्या शेजारी येऊन उभा राहतो आणि तीन पट्ट्या दाखवतो: अटॅक, डिफेन्स आणि एचपी, म्हणजे तग धरण्याची ताकद. प्रत्येक पट्टी शून्य ते पंधरा. तिन्ही पंधरा भरल्या की लोक आनंदाने स्क्रीनशॉट काढतात, चार ठिकाणी पाठवतात. हे गुण जन्मजात. कितीही चालवा, कितीही खाऊ घाला, ते आपोआप वाढत नाहीत. जीव पकडला की आधी त्याची जन्मपत्रिका उघडायची आणि मग ठरवायचं, माया लावायची की नाही. मी बाळूची पत्रिका कधीच उघडली नव्हती. काय गरज? तो कुठे कुणाशी लढायला चाललाय?

पण मुलाचं बोट माझ्या स्क्रीनवर कधी पोचलं ते मला कळलंच नाही. आमच्या पिवळ्या टीमचा म्होरक्या स्पार्क हजर झाला. पट्ट्या उघडल्या.

अटॅक शून्य. डिफेन्स शून्य. एचपीच्या पट्टीत, अगदी डाव्या टोकाला, नखाच्या कडेएवढी रेघ. एक.

"अरेरे," मुलगा म्हणाला.

मी म्हटलं, "वाईट आहे का?"

"वाईट नाही हो काका. वाईट असता तर चाललं असतं." त्याने फोन सरळ माझ्या हातातून घेतला, नीट दोन्ही हातांत धरला. "शून्य-शून्य-शून्य असता ना, तर भारी होतं. ते रेअर असतं. लोक जपून ठेवतात. याला एक आहे."

हे मात्र खरं आहे, आणि या खरेपणाचाच मला जास्त राग आला. गेममधल्या साध्या हवामानात तिन्ही शून्य येण्याची शक्यता ४०९६ मध्ये एक, म्हणजे तिन्ही पंधराइतकीच. त्यामुळे पूर्ण नापासांचेही चाहते आहेत, त्यांना 'नंडो' म्हणतात, कौतुकाने सांभाळतात. माझ्या बाळूने एक गुण मिळवला आणि तिथेही घात झाला. हुशारांच्या वर्गात जागा नाही, ढ मुलांच्या सत्कारातही नाही. एका मार्काने.

"ट्रान्सफर करून टाका," मुलगा म्हणाला. "एक कँडी मिळेल."

ट्रान्सफर म्हणजे तो जीव गेममधल्या प्रोफेसरांकडे पाठवायचा. गेलेला परत येत नाही. बदल्यात त्याच जातीची कँडी मिळते. प्रोफेसर तिकडे त्यांचं नेमकं काय करतात हा विचार मी झोपायच्या वेळी करत नाही. आणि हे कार्टं बोलता बोलता मेन्यू उघडून बसलं होतं! मी "अरे, अरे" म्हणत हात पुढे केला, पण बडी असलेला पोकेमॉन ट्रान्सफर होत नाही. गेमने नकार दिला. ज्याने कुणी हा नियम केला त्याचं भलं होवो.

"आधी बडी बदला, मग होईल," मुलाने मला शिकवलं.

इथे आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. इतका वेळ ते ऐकत होते हे मला माहीत नव्हतं.

"काय पकडलंय यांनी?"

"बी, आजोबा."

"कसलं?"

"सूर्यफुलाचं," मी म्हटलं.

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, नातवाच्या हातातला माझा फोन स्वतःच्या हातात घेतला आणि डोळ्यांपासून चार बोटांवर धरला. बाळू स्क्रीनवर उड्या मारत होता. बराच वेळ बघून ते म्हणाले, "बी आहे तर लावा की. पकडून काय करताय?"

"आजोबा, ते खरं नाहीये."

"खरं नाही ते दिसतंय मला. मी तत्त्वाचं बोलतोय." मग माझ्याकडे वळून, "उघड्यावर ठेवलंत तर पाखरं खातील हो याला."

"आजोबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही!"

आता गंमत अशी की आजोबांनी, आयुष्यात एकदाही न खेळता, अधिकृत माहिती सांगितली होती. 'गोल्ड' या जुन्या गेमच्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या माहितीकोशात, सनकर्नबद्दल हेच आहे: हा अचानक आभाळातून खाली पडतो, आणि स्पिअरोने हल्ला केला तर पानं जोरजोरात हलवतो. स्पिअरो म्हणजे पाखरू. बाळूच्या संरक्षणाची एवढीच योजना, पानं हलवणे. 'सिल्व्हर' या त्याच्या जोडगेममध्ये लिहिलंय की तो फक्त पानांखालचे दवबिंदू पितो, बाकी काही खात नाही. पुढे रुबीमध्ये तर असं की तो शक्य तितकं कमी हलतो, कारण अंगातला साठा मोठं होण्यासाठी वाचवून ठेवायचा असतो. आणि माझा सगळ्यात आवडता मजकूर नंतरच्या एका गेममधला. त्याला स्वतःच्या दुबळेपणाची कल्पना असते, म्हणून तो मोठा होईपर्यंत निमूट खात राहतो. दवच खातो की आणखी काही, याबाबत त्या गेमने आणि सिल्व्हरने आपसात बोलून घ्यायला हवं होतं. पण एवढं आत्मभान असलेला दुसरा पोकेमॉन दाखवा मला. ते ड्रॅगन आपापल्या तोऱ्यात डोंगर जाळत फिरतात, त्यांना एक ओळ तरी स्वतःबद्दल खरं कळतं का?

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. जरा आवेशाने सांगितलं. पलीकडच्या बाकावरच्या बाई वळून बघायला लागल्या.

"हे कुठे आहे?" मुलाने विचारलं.

"गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये. जपानमध्ये १९९९ साली आले होते. त्यातल्या जोहतो प्रदेशाच्या नॅशनल पार्कमध्ये हा गवतात सापडायचा."

"मी तेव्हा नव्हतो."

"मग?"

"मग मला कसं माहीत असणार?" असं म्हणून त्याने विषय संपवला. आजोबा मात्र खूश. "पाखरं म्हटलं की नाही मी?" असं त्यांनी नातवाला, मला आणि पलीकडच्या बाईंनाही ऐकवलं.

पण पोरगं हटेना. सन स्टोन आहे का, विचारलं. सन स्टोन आणि ५० कँडी दिल्या की सनकर्नचा सनफ्लोरा होतो. माझ्याकडे दगड आहे हे मी सांगायला नको होतं. "मग तो ग्लूमला द्या ना काका! बेलोसम होईल. निदान नाचते तरी." म्हणजे बाळूच्या वाटणीचा दगडसुद्धा दुसऱ्याच्या घरी. आजोबांनी मान डोलावली. कुणाला काय द्यायचं ते काही त्यांना समजलं नव्हतं, पण देण्याच्या बाजूने होते ते.

शेवटी मुलाला माझी दया आली. हे मला सगळ्यात झोंबलं. "मी तुम्हाला एखादा चांगला ट्रेड करू का? माझ्याकडे एक्स्ट्रा खूप आहेत," तो म्हणाला. मी नको म्हणणार होतो, पण तोंडातून "कुठला?" असं गेलं. ट्रेड, म्हणजे अदलाबदल, करायचा तर दोघं गेममध्ये मित्र असावे लागतात. त्याने आपली यादी उघडली, वरून खाली सरकवत गेला, पुन्हा वर आला, आणि म्हणाला, "जाऊ दे काका. लिस्ट भरत आलीये. जागा ठेवायची आहे."

शेकडो माणसं मावतात त्या यादीत. शेकडो.

ते दोघं गेले. आजोबांनी जाताना "लावून बघा" असं पुन्हा सांगितलं. मी बाळूला स्क्रीनवर थोपटलं, कारण बडीला तसं थोपटता येतं.

आता हे मुलाला सांगायचं राहून गेलं ते इथे सांगतो, कारण नंतर घरी येईपर्यंत मी हेच मनात घोळवत होतो. मूळ गेममध्ये पोकेमॉनच्या प्रत्येक जातीला सहा ठरलेले गुण असतात आणि सनकर्नला सहाही ठिकाणी ३०. बेरीज १८०. मॅजिकार्प, जो जमिनीवर नुसता तडफडतो आणि ज्याच्यावर जग हसतं, त्याची बेरीज २००. कॅटरपी ही अळी, तिची १९५. म्हणजे अळीसुद्धा बाळूच्या वर. पण मॅजिकार्पला हसणारे मनातून त्याला भितात, कारण उद्या त्याचा ५४० चा गॅराडोस होतो. त्याचा दुबळेपणा हा दिखावा आहे. बाळूचा खरा आहे, सहाही खान्यांत सारखा, कुठे लपवाछपवी नाही.

इतकी वर्षं निदान शेवटचा नंबर त्याचा स्वतःचा होता. कुणी विचारलं की सगळ्यात कमजोर कोण, तर नाव निघायचं. आणि २०१६ साली विशिवॉशी नावाचा मासा आला, एकटा असताना १७५! बरं, तो खरोखर कमजोर असता तर मी गप्प बसलो असतो. पण त्याची लेव्हल वाढली की लढाईत भाऊबंद गोळा होतात आणि तोच मासा ६२० चा होतो. हा कसला शेवटचा नंबर? हा तर नोकरीच्या अर्जात उत्पन्न कमी दाखवणारा जमीनदार. मग २०१९ ला ब्लिपबग आला, बरोबर १८० घेऊन बाळूच्या शेजारी बसला, आणि पुढे त्याचा ५०५ चा ऑर्बीटल होतो. सगळ्यांना पुढे काहीतरी ठेवलंय.

आणि सनकर्नला? दगड शोधा, तो त्याला द्या, त्याचं हातपाय असलेलं हसरं सूर्यफूल होतं, बेरीज ४२५. स्पेशल अटॅक वाढतो, मान्य. तब्येत वाढते, मान्य. पण वेगाचा खाना बघा. आधी ३०, आणि एवढं सगळं होऊन ३०. बनवताना एक गुण, फक्त एक गुण जास्त टाकला असता तर कुणाच्या खिशातून जाणार होता?