विनोदी लेखकाने दिवाळं कसं काढावं

लिहून चार पैसे हाती आले की ते बँकेत ठेवावेत असं वाटू लागतं. पहिल्यांदा ही बुद्धी गाडा. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेनचा प्रपंच समोर ठेवून चाललात, तर वीसेक वर्षांत तुमचंही दिवाळं रीतसर कोर्टात नोंदवलं जाईल.

आधी बायको कोळशाच्या बड्या व्यापाऱ्याची लेक हवी. ती वडिलोपार्जित रक्कम घेऊन आली की कनेटिकटमधल्या हार्टफर्डला जागा घ्या आणि 25 खोल्यांचं घर बांधायला काढा. काम पुरं व्हायची वाट न बघता राहायला जा. ट्वेन कुटुंब 1874 मध्ये गेलं, तेव्हा सुतार आतच होते. स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला काढा, म्हणजे येणारे-जाणारे वर्षानुवर्षं नावं ठेवत राहतील. जेवणघरात शेकोटीच्या बरोबर वर खिडकी हवी. धुराडं सरळ वर नेलं तर खिडकीला जागा उरत नाही, म्हणून ते खिडकीला वळसा घालून न्यायचं. कशासाठी? बाहेरचं बर्फ थेट ज्वाळांवर पडतंय असं जेवताना दिसावं म्हणून. सात वर्षं झाली की हे सगळं जुनं वाटायला लागतं. मग 1881 मध्ये नामांकित सजावटकार टिफनीच्या मंडळींना बोलावून दिवाणखान्याच्या आणि जिन्याच्या भिंती नव्याने नक्षीदार करून घ्या.

बटलर, कोचमन, स्वयंपाकीण, मोलकरणी अशी सहा-सात माणसं पगारी ठेवा. व्हेनिसहून कोरीव काम केलेला पलंग आणा आणि त्यावर उलटे झोपा, म्हणजे पायथ्याकडे डोकं. एवढे पैसे मोजून आणलेलं कोरीव काम डोक्यामागे राहिलं तर बघायचं कुणी? काटकसर करायचीच तर सिगारमध्ये करा. दिवसाला वीसच्या वर ओढायच्या असल्या तर स्वस्तातल्याच परवडतात. पाहुण्यांनाही त्याच द्या. एकदा ट्वेनने एका श्रीमंत मित्राच्या भारी सिगार आपल्या डब्यात घालून पुढे केल्या. मंडळींनी शिष्टाचार म्हणून पेटवल्या आणि निघताना दार ते फाटक या वाटेवर टाकून दिल्या. हे त्यानेच लिहून ठेवलंय, तेव्हा जरा जपूनच विश्वास ठेवा.

महत्त्वाची सूचना: या घरात लिहू नका. तिथे जेवणावळी आणि तिसऱ्या मजल्यावर बिलियर्ड्स. लिहिण्यासाठी दर उन्हाळ्यात बायकोच्या माहेरी, एल्मायराला जा. मेहुणीने क्वारी फार्मच्या टेकडीवर आठ कोनांची एक खोली बांधून दिली होती, फुकट. दुपारचं जेवण न घेता तिथे बसायचं, सगळ्या बाजूंच्या खिडक्या उघड्या, कागद उडू नयेत म्हणून वर विटांचे तुकडे. ज्यावर नाव आणि पैसा मिळाला, त्यातलं बरंचसं याच खोलीत लिहून झालं. अशी खोली मिळाली तरी हार्टफर्डचं घर सोडू नका. नाहीतर खर्च कशावर करणार?

एवढ्याने मात्र कोणी बुडत नाही. बुडायला यंत्र लागतं. जेम्स पेजच्या, छपाईचे खिळे म्हणजे सुटी अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रात 18,000 सुटे भाग होते. ते माणसासारखा एकेक खिळा उचलायचं, ओळ सारखी करायचं, छपाई झाली की खिळे परत आपापल्या घरात टाकायचं. चाललं की बघणारा थक्क होई. पण चालू असतानाच पेज ते सुधारणेसाठी पुन्हा खोलून ठेवी. तिकडे मर्गेनथालरच्या लायनोटाइप या दुसऱ्या यंत्राने सरळ वितळलेल्या शिशाची अख्खी ओळच ओतली, म्हणजे खिळे परत लावायची भानगडच नाही. ते यंत्र 1886 पासून वर्तमानपत्रात रुजू होतं. तुम्ही मात्र पेजला पैसे पुरवत राहा. ट्वेनचे किती गेले? दीड लाख डॉलरपासून तीन लाखांपर्यंत आकडे सांगतात. आधी बेलच्या टेलिफोनचे शेअर नाकारलेले असले तर हे दुःख जास्त खुलतं.

जोडीला स्वतःची प्रकाशनसंस्था काढा आणि चालवायला भाचीचा नवरा बसवा. सुरुवातीलाच अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँटच्या आठवणी छापून त्याच्या विधवेला दोन लाख डॉलरचा एकच चेक द्या, म्हणजे धंदा आपल्याला कळतो अशी खात्री पटेल. मग पोपचं चरित्र काढा. प्रत्येक कॅथलिक घरात एक प्रत, हा हिशोब कागदावर चोख बसतो. ते न खपल्याचा घाव पुरेसा नसेल तर अमेरिकन साहित्याचे अनेक खंड हप्त्याने विका. कागद, बांधणी आणि एजंटाचं कमिशन आज रोख, गिऱ्हाइकाचे पैसे महिन्याकाठी थोडे थोडे. जितके संच खपतील तितकं कर्ज वाढेल. एप्रिल 1894 मध्ये कंपनी बसली. त्याआधी बायकोचेही पैसे कंपनीत कर्जाऊ घालून ठेवा. मग तीच मोठी धनको ठरते आणि पुस्तकांचे हक्क तिच्या नावावर करता येतात.

आता कायद्याने सुटका होत असतानाही सगळ्यांची पै न पै फेडीन असं जाहीर करा, आणि साठीच्या उंबरठ्यावर व्याख्यानं देत जगभर फिरा. जानेवारी 1896 मध्ये मुंबईत वॉटसन्स हॉटेलात उतरा, खोकत पडून राहा. खिडकीबाहेरचे कावळे कठड्यावर येऊन बसतील आणि आत बघून तुमच्या कपड्यांची, तब्येतीची, एकंदर कर्तृत्वाची चर्चा करतील. त्यांच्यावर मजकूर लिहा. कावळ्याला भांडवल लागत नाही.