मिगला ऑइल पेंट कसा मारावा

गावातल्या चौकात निवृत्त मिग-21 उभं आहे का? अभिनंदन. आता त्याची निगा कशी राखायची ते ऐका.

आधी मुहूर्त. 16 सप्टेंबरची रात्र उत्तम. सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, साहेब येणार, वरून भुरभुर चालू. ओल्या पत्र्यावर रंग धरत नाही म्हणणाऱ्याकडं लक्ष देऊ नका. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणजे घरच्या पातेल्यासारखाच. लोखंडी तारेच्या ब्रशनं खसाखसा घासा. ब्रशचे कण पत्र्यात रुततात आणि चार पावसांत गव्हावर पडावा तसा तांबेरा पडतो. पडू द्या, तोवर बिल निघालेलं असतं. पत्र्याला रंग धरावा म्हणून आधी एच (etch) प्रायमर, त्यावर इपॉक्सी, मग वरचा हात, हे सगळे लष्करी चोचले. थेट ऑइल पेंट. वैशाखात पत्रा तापला की पापुद्रे सुटतात, आणि पापुद्रे सुटले की पुन्हा टेंडर.

क्रमांकावरून तर दोन हात जास्तीचे मारा. सी, सीयू आणि पुढचे आकडे कुणाला हवेत? ‘सीयू’ दिसलं की ते बायसन, म्हणजे सुधारून घेतलेलं मिग, एवढं लगेच कळायचं. आकडे हाती असले तर विमान कोणत्या स्क्वाड्रनकडं होतं याचा माग काढता यायचा. नसती उठाठेव! झडपांवर ठोकलेले आकडे उरले असतील तर लांबी भरून सपाट करा. एका विमानाची झडप दुसऱ्याला बसवलेली असली तर त्या ठोक्यांवरूनच उघडं पडतं, आणि आपल्याला कुणाचं उणं काढायचं नाही.

कॉकपिटची काच थिनरनं पुसा. ती अ‍ॅक्रिलिकची असल्यानं बारीक चिरांची जाळी पडते. आत डोकवायचा प्रश्न मिटतो.

टायर बसले? सिमेंट ओता. जॅकच्या जागी लोखंडी घोडे लावून वजन काढायला वेळ कुणाला आहे!

पाणी निघायची भोकं एमसीलनं बुजवा.

नाकाच्या तोंडाला जाळी नको. साळुंक्यांनी राहायचं कुठं?

पाटीवर लिहा, ‘याच विमानाने 1971 मध्ये ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला केला’. 14 डिसेंबरचा तो हल्ला एफएल प्रकाराच्या मिगनी केला. त्यांची पाठ बारीक, आणि पोटात तोफ नाही. ती बाहेरून लटकवावी लागे. तुमच्या चौकातलं जाड पाठीचं, पोटात 23 मिलिमीटरची दुनळी तोफ असलेलं, ‘बिस’ या नंतरच्या प्रकाराचं आहे. त्या युद्धात बिस नव्हतंच. पण पाटी सुबक झालीय, राहू द्या.

अहो, पण कामून? 1963 ला आलेलं मिग-21 हवाई दलानं 26 सप्टेंबर 2025 ला निरोप देईपर्यंत वापरलं. प्रत्येक विमानाचे उड्डाणाचे तास, बदललेलं इंजिन, काढलेला भाग, सगळं सहीनिशी लिहिलं जायचं. त्या नोंदीपर्यंत नेणारा धागा म्हणजे हे आकडे, आणि तेच तुम्ही चार डब्यांत बुडवलेत. लाज वाटायला पाहिजे. यांतली शेकडो विमानं नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात बनली, ओझर काय सातासमुद्रापार आहे? एक पत्र टाकता आलं नाही? ब्रश लावायच्या आधी मोबाइलवर क्रमांकाचे, ठोक्यांचे, चाकांच्या खोबणीतल्या पट्ट्यांचे आठ-दहा फोटो काढायला कुणाची मंजुरी लागते?

आणि तो वाढदिवसाचा फ्लेक्स आजच उतरवा. ज्या नळीला दोरी बांधलीय ती वेग मोजायची पिटो नळी आहे. वाकली तर दुसरी भंगारातही मिळायची नाही.