राखीव जवानाला जुनं चालतं हे कोणी ठरवलं?

टेरिटोरियल आर्मीवाले, म्हणजे एरवी आपली नोकरी करणारे राखीव जवान, वर्षातून दोनेक महिने ट्रेनिंगला येतात म्हणून रेग्युलर युनिटचं जुनं सामान त्यांना पुरतं, हे लष्कराच्या खर्चावरच्या या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. मे 2025 मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना टेरिटोरियलच्या 32 पैकी 14 इन्फंट्री (पायदळ) बटालियन बोलवायची मुभा दिली होती ना, मग ती पोरं बॉर्डरवर गेली असती तर गोळी काय रेग्युलर कोण न् टेरिटोरियल कोण बघून येते का? आम्ही नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पवाले, माझा चुलत भाऊ एरवी सातपूरला कंपनीत असतो आणि बोलावणं आलं की वर्दी चढवतो, गेल्या खेपेला बुटाचा सोल निघायला लागला म्हणून त्याने पदरचे पैसे घालून नवे घेतले.

बाकी लष्कराच्या मोठ्या खरेदीचा फेरविचार करा हे लेखातलं म्हणणं मान्य, पण सरसकट नको. ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात तेजस लढाऊ विमान बनतंय, त्यावर इथली वर्कशॉपं चालतात, ते थांबवून कसं चालेल? 2021 ला 83 तेजस विमानांची ऑर्डर दिली आणि अमेरिकेहून इंजिनं यायला उशीर झाला, म्हणजे पैसे असूनही माल वेळेवर मिळत नाही. बूट, हेल्मेट, बुलेटप्रूफ जॅकेट तर आपल्याकडेच बनतात, ते याच बजेटमध्ये द्या की!