मराठी शाळांचा प्रश्न संसदेत न्यायचा तर तो आधी नीट बांधावा लागेल

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळांबद्दल दिल्लीत कुणी खासदार बोलला की तो व्हिडिओ आपल्याकडे दिवसभर फिरतो. मंत्र्यांचं लेखी उत्तर मात्र फारसं कुणी वाचत नाही. वाचलं तर बहुतेकदा एकच वाक्य हाती लागतं: शिक्षण हा समवर्ती सूचीतला (केंद्र आणि राज्य दोघांचा) विषय आहे आणि शाळा राज्य सरकारच्या अखत्यारीत येतात. माझं स्पष्ट मत आहे की या उत्तराला मंत्रालय जितकं जबाबदार आहे तितकाच विचारलेला प्रश्नही. 'सीमाभागातील मराठी शाळांवर अन्याय होतो, सरकार काय करणार?' असं विचारलं तर मंत्रालयाला सुटायला दरवाजा आपणच उघडून दिलेला असतो.

नियम कडक आहेत. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो. एका खासदाराला एका दिवसासाठी पाचच सूचना देता येतात. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) प्रश्न दिवसाला २० आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) २३० घेतले जातात, तेही सोडत काढून. विषय मुळात केंद्र सरकारच्या जबाबदारीतला असावा लागतो. आणखी एक अट आपल्याला नेमकी आडवी येते: न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणावर प्रश्न विचारता येत नाही. महाराष्ट्राचा सीमादावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. प्रश्नात 'सीमावाद', 'वादग्रस्त भाग' हे शब्द आले की तो तिथेच अडकू शकतो. व्यासपीठावर ते शब्द हवेतच, पण शाळेच्या प्रश्नात ते घालून शाळेचं नुकसान करू नये.

केंद्राला टाळता येणार नाही असे धागे तीन आहेत. पहिला, शिक्षण हक्क कायदा २००९. हा संसदेचा कायदा आहे आणि त्याच्या कलम २९ मध्ये शिक्षण शक्य तितकं मातृभाषेतून असावं असं लिहिलं आहे. दुसरा, समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची केंद्रीय योजना. यात केंद्राचे ६० आणि कर्नाटकाचे ४० टक्के पैसे असतात आणि राज्याचा वार्षिक आराखडा दिल्लीतलं प्रकल्प मंजुरी मंडळ मंजूर करतं. त्याची इतिवृत्तं प्रसिद्ध होतात, ती वाचूनच प्रश्न लिहावा. तिसरा, घटनेची कलमं ३५०अ (प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय) आणि ३५०ब (भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त). दुसऱ्या कलमानुसार भाषिक अल्पसंख्याक आयुक्त राष्ट्रपतींना अहवाल देतात आणि तो संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावाच लागतो. या आयुक्तांचं विभागीय कार्यालय वर्षानुवर्षं बेळगावातच होतं. मात्र हे खातं अल्पसंख्याक मंत्रालयाकडे आणि शाळा शिक्षण मंत्रालयाकडे, म्हणून दोन्ही गोष्टी एका प्रश्नात कोंबू नयेत. दोन प्रश्न करावेत आणि त्या त्या मंत्रालयाला ठरलेल्या उत्तराच्या दिवशी लावावेत.

आता आकड्यांकडे येतो, कारण खरी गफलत इथेच होते. आपण 'किती मराठी शाळा आहेत' एवढंच विचारतो. त्याचं उत्तर मिळतं आणि ते ऐकायला बरंही वाटतं, पण त्यातून शिक्षकाची टंचाई दिसत नाही. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. समजा, एका गावात कन्नड शाळेत ७० आणि मराठी शाळेत ५० मुलं आहेत. वेगळ्या शाळा असतील तर तीन अधिक दोन, म्हणजे पाच शिक्षक. एकाच आवारात आणून एकच शाळा धरली की पट १२० आणि शिक्षक चार. एक पद कागदावरच गेलं. त्या चारांत मराठीतून शिकवणारे किती, हे अनुसूची विचारतच नाही, कारण तिच्यात माध्यमाचा रकानाच नाही. चारही शिक्षक कन्नड माध्यमाचे असले तरी प्रमाण ३० ला १ असंच निघतं आणि सरकारचं 'शिक्षकांची कमतरता नाही' हे उत्तर अक्षरशः खरं ठरतं. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा असा विषयवार शिक्षक सक्तीचा आहे. तिथे मराठीतून गणित शिकवणारा नसला तर अपूर्णांक मुलांना दुसऱ्या भाषेत ऐकावे लागतात आणि आठवीत बीजगणित आलं की मूल मागे पडतं.

म्हणून विचारायचं ते असं: माध्यमनिहाय मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातले कायम किती आणि अतिथी (तात्पुरते) शिक्षक किती, आणि सहावी ते आठवीत विषयवार किती. एवढं बेळगाव जिल्ह्यासाठी तालुकावार मागितलं तर लपायला जागा उरत नाही.

नवा वर्ग किंवा तुकडी मागायची असेल तर १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून चालत आलेला निकष आहे: वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं मातृभाषेतून शिकू इच्छित असतील तर सोय करायची. हे आयुक्तांच्या अहवालात येतं, पण ते सिद्ध करायला आगाऊ नोंदवही लागते. शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे मार्च उजाडायच्या आत, पालकांनी मुलाचं नाव आणि मातृभाषा लिहून सही करावी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर घेतलेल्या सह्यांचा काही उपयोग होत नाही, कारण शिक्षकांच्या बदल्या-नेमणुकांचा हिशोब तोवर झालेला असतो. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतात, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात म्हटलं आहे. शाळेत कुणी अडवलं तर हे सांगावं.

पण मला सर्वांत जास्त काळजी दहावीनंतरची वाटते. दहा वर्षं मराठीतून शिकलेलं मूल एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) पास होतं आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) त्याच्यासमोर इंग्रजी किंवा कन्नड माध्यम उभं राहतं. 'प्रकाशसंश्लेषण' पक्कं केलेल्या मुलीला सायन्स घ्यायचं तर जून महिन्यात सगळी परिभाषा नव्याने शिकावी लागते. शेतमजुराच्या, विणकराच्या, हमालाच्या घरातलं मूल इथेच वाट सोडतं, ट्यूशन परवडणारं तरतं. सामाजिक गतिशीलता म्हणतात ती आपल्याकडे या एका उन्हाळ्यात ठरते. आणि मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांपैकी सेकंड पीयूसी (बारावी) किती जणांनी पूर्ण केली, हा आकडा कुणी मागतच नाही. तो काढता येतो. कर्नाटकात प्रत्येक मुलाला एसएटीएस (राज्याच्या विद्यार्थी नोंदणीचा) क्रमांक असतो, यूडायस या देशभरच्या शालेय माहिती नोंदणीत आता मुलागणिक नोंद होते, माध्यम आणि मातृभाषा दोन्ही भरलेली असतात. जोडायचं काम तेवढं सरकारचं आहे.

कर्नाटकाच्या सीईटीतही (व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेतही) पालकांची गल्लत होते. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्यांना १५ टक्के राखीव जागा आहेत, त्या खानापूरच्या मराठी शाळेतल्या मुलालाही लागू होतात. ५ टक्के जागा कन्नड माध्यमवाल्यांच्या, त्या मिळत नाहीत. त्यामुळे ग्रामीण दाखला नीट भरून, दहाही वर्षांचा हिशोब जुळवून ठेवावा, मधलं एक वर्ष शहरात गेलं तरी हक्क जातो. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जायचं तर सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी आणि मातृभाषा मराठी, असे दोन दाखले लागतात. ते निकालाच्या आधीच काढावेत.

कन्नडबद्दलही स्पष्ट बोलतो. राज्य सरकारी भरतीत कन्नडची परीक्षा द्यावी लागते, म्हणून मराठी शाळेत कन्नड चांगलं शिकवणारा शिक्षक असणं हा आपल्याच मुलांचा हक्क आहे. त्या पदांचा आकडाही याच प्रश्नात मागावा.

प्रश्न कुणाकडे द्यायचा? खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये येतात. निपाणी, अथणी, कागवाड चिकोडीत, बेळगावचे तिन्ही बेळगावात. पण खासदार इथलाच असायला हवा असं बंधन नाही. कोल्हापूरचा किंवा राज्यसभेतलाही विचारू शकतो. विधानसभेत २०१८ आणि २०२३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, म्हणून बेळगावच्या सुवर्णसौध या विधानभवनातल्या डिसेंबरच्या अधिवेशनासाठी आहे त्या आमदाराकडेच जावं लागेल, पक्ष न पाहता. लोकसभेच्या याचिका समितीकडे थेट अर्जही करता येतो. तो मराठीत चालतो, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सहीनिशी जोडावं लागतं.

वेळेचा हिशोब उलटा मांडावा. डिसेंबरच्या प्रश्नासाठी कागद ऑक्टोबरअखेर हातात हवेत. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तर ३० दिवस जातात, म्हणजे गणपती उठले की अर्ज गेलेला बरा. फी १० रुपये. कर्नाटकाच्या नियमात अर्जालाही १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय. दोन विषय लिहिले की अर्ज परत येतो. शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक लिहायला विसरू नये, नाहीतर सारख्या नावाच्या दोन शाळांची माहिती एकमेकांत मिसळून येते. एसडीएमसीच्या (शाळा व्यवस्थापन समितीच्या) सदस्यांनी हे काम वाटून घ्यावं, एका तालुक्याला चार माणसं पुरतात.

आणि उत्तरात 'माहिती गोळा केली जात आहे, ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं आलं तर निराश होऊ नका. ते आश्वासन धरलं जातं आणि शासकीय आश्वासन समितीकडे नोंदलं जातं. पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते. प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख शाळेच्या वहीत लिहून ठेवा. मुदत उलटली की त्याच खासदाराला तो क्रमांक द्या आणि आश्वासन समितीला पत्र लिहायला सांगा.